पेपर डेस्कवरच्या नजरेने कसा वाचावा

महिनाअखेरीला पेपरवाला बिल घेऊन आला की आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत हमखास कुणीतरी विचारतं, "ताई, तुम्ही पेपरात होतात ना, यातला कुठला चालू ठेवू आणि कुठला बंद करू?" नाशिकच्या एका दैनिकात शहर आवृत्तीच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली, म्हणून हा प्रश्न माझ्याच दाराशी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: आठवडाभर नीट वाचा, मग ठरवा. नीट म्हणजे कसं, ते सांगते.

पूर्वी बातमी पानात बसायच्या आधी तीन-चार जणांच्या हातून जायची. बातमीदार लिहायचा, मुख्य बातमीदार बघायचा, उपसंपादक काटछाट करून मथळा द्यायचा, मुद्रितशोधक शेवटचा हात फिरवायचा. आता मुद्रितशोधक बहुतेक ठिकाणी उरलेलाच नाही. उपसंपादकानेच पान लावायचं, वेबसाइटवर बातमीही चढवायची आणि मोबाइलवर ग्रुपही सांभाळायचे. तालुक्याहून मजकूर व्हॉट्सॲपवर येतो आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट पानात जातो. चुकलेली वेलांटी मी एक वेळ सोडून देईन. पण "किती? कधी? कोण म्हणालं?" असं विचारून बातमी परत पाठवणारा माणूस मधून गेला, हे खरं दुखणं आहे. ते विचारायचं काम आता वाचकाच्या गळ्यात आलंय.

सुरुवात शेवटच्या पानाच्या तळापासून करा. तिथे मुंगीच्या अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण असं सगळं असतं. ही ओळ छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आधी 1867 च्या कायद्याने होतं, 1 मार्च 2024 पासून त्याची जागा 2023 च्या नव्या कायद्याने घेतली. दोन गोष्टी बघा. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे, आणि पेपर छापतात कुठे. छपाई शहरापासून लांब असेल तर पान लवकर सोडावं लागतं, मग रात्री उशिरा द्वारका चौकात झालेला अपघात तुम्हाला परवाच्या अंकात दिसतो. सुरगाणा, पेठ, सटाण्याकडे जाणारी डाक आवृत्ती तर त्याहून आधी निघते. तिकडच्या नातेवाइकाच्या आणि तुमच्या घरचा एकाच तारखेचा, एकाच नावाचा पेपर वेगळा का, त्याचं उत्तर हे.

मग पहिल्या पानाकडे या. पहिलं पान म्हणजे जॅकेट नव्हे. ते जाहिरातीचं वेष्टण आहे, उलटून पुढे चला. आता छुप्या जाहिराती शोधा. फॉन्ट जरा वेगळा, बायलाइन म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव नाही, मजकुरात नुसतं कौतुक, प्रश्न एकही नाही, शेवटी फोन नंबर किंवा शाखेचा पत्ता, कोपऱ्यात बारीक अक्षरांत "इम्पॅक्ट फीचर": हे दिसलं की समजा, जागा विकली गेली आहे. निदान तेवढं छापलं तरी मी त्याला प्रामाणिकपणाच म्हणेन. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखे गुणगानाचे लेख वेगवेगळ्या नावांनी आले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि "पेड न्यूज" हा शब्द घरोघरी पोचला.

वाढदिवसाच्या पुरवण्या हा त्याचाच धाकटा भाऊ. नेत्याचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नाममात्र, कधी तोही नाही. जाहिरातीवर कमिशन आणि वरून टार्गेट. ज्या बाजार समितीच्या कारभारावर त्याने लिहायचं, तिच्याच संचालकाकडे दिवाळी अंकाची जाहिरात मागायला जायचं. त्या वार्ताहराला नावं ठेवायच्या आधी हा हिशेब लक्षात घ्या. मी होते तिथेही दिवाळीच्या आधी तालुक्यांच्या बैठका व्हायच्या आणि त्यांत बातमी हा विषय चहा येईपर्यंत संपायचा.

आता आकड्यांकडे. नाशिककराने दोन आकडे तरी पक्के वाचायला शिकावेत, कांद्याचा आणि पाण्याचा.

मथळा असतो, "लासलगावी कांदा तीन हजार पार". आतल्या पानावरचा तक्ता काढा. आवक, किमान, कमाल, सरासरी असे रकाने असतात, भाव क्विंटलचे. मथळ्यातला भाव बहुधा कमाल रकान्यातला असतो, म्हणजे उत्तम मालाच्या एखाद-दुसऱ्या वाहनाला मिळालेला. शेतकऱ्याच्या हातात साधारण काय पडलं ते सरासरीत कळतं, आणि ती कधीकधी हजारभराने खाली असते. लाल कांदा की उन्हाळ, हेही बघा. दोन्हींचे भाव एकाच वाक्यात कोंबले असतील तर लिहिणाऱ्याने बाजार आवार पाहिलेलं नाही. निफाडचा माणूस ही बातमी वाचून हसतो, शहरातला माणूस मात्र कांदा महागला म्हणून दोन किलो जास्त घेऊन ठेवतो.

पाण्याचं त्याहून नाजूक. "गंगापूर 80 टक्के" असं छापतात तेव्हा ते एकटं गंगापूर धरण आहे की गंगापूर समूह? समूहात काश्यपी, गौतमी गोदावरी आणि आळंदीही येतात, आणि टक्का बदलतो. गंगापूरची क्षमता 5630 दशलक्ष घनफूट (दलघफू) धरतात, तेव्हा टक्क्याशेजारी दलघफूचा आकडा दिला असेल तर एका भागाकारात खरंखोटं कळतं. पुराच्या दिवशी तर आकडा कुठला आहे ते बघाच. धरणातून सोडलेला विसर्ग वेगळा आणि होळकर पुलाखालचा वेगळा, कारण मधल्या पट्ट्यातला पाऊस आणि शहरातले नाले नदीत भर घालतात. सराफ बाजारात दुकान असेल तर तुमच्या कामाचा आकडा होळकर पुलाचा, आणि बातमीत नेमका तोच राहून जातो. सोबत गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो असतोच. पाणी कमरेला आहे की छातीला, यावर आख्खं नाशिक पूर मोजतं. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव आणि कालची वेळ आहे का, की कोपऱ्यात "संग्रहित" लिहिलंय? काहीच लिहिलेलं नसेल तर घाटावरच्या टपऱ्या, फलक नीट निरखा. मागच्या एखाद्या पावसाळ्यातलं काहीतरी हमखास सापडतं.

महापालिकेच्या बातम्यांना वेगळी युक्ती लागते. मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. महासभेत उठून विचारणारं कुणी नाही, अशा वेळी विचारायचं काम पेपरचं होतं. कुणी विचारलं आणि कुणी आलेली प्रेसनोट तशीच लावली, हे ताडायला एका दिवशीचे तीन पेपर शेजारी ठेवा. पहिला परिच्छेद तिन्हींत सारखा असेल तर ती प्रेसनोट. घरी तीन पेपर परवडत नसतील तर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा. 1840 पासूनची संस्था आहे, तिथे पेपर वाचायला बसणाऱ्या मंडळींकडून फुकट शिकवणीही मिळते.

सध्या सिंहस्थाच्या कामांनी पानं भरलीत. एकाच रस्त्याच्या चार बातम्या होतात: प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश आणि नारळ. चारही वेळा मथळा साधारण एकच, "रस्त्याचे भाग्य उजळणार". तुम्ही पेन घेऊन यातलं एक काम निवडा, तुमच्याच भागातलं, आणि बातमीत दिलेली मुदत कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेला पेपर त्या कामाकडे परत येतो का? माझ्या लेखी पेपरचा दर्जा मोजायची याहून चांगली पट्टी नाही. पाठपुरावा करायला माणूस लागतो, त्याचा पगार लागतो, आणि कुणाचा तरी फोन आल्यावर "बातमी लागणार" असं म्हणणारा संपादक लागतो.

"सूत्रांनी सांगितले" आणि "नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे" या दोन वाक्यांखाली रेघ मारत चला. कुठले नागरिक? एकाचंही नाव, गल्ली, वय नसेल तर संताप बहुधा टेबलावरच व्यक्त झालेला असतो.

आतली रटाळ पानं मात्र सोडू नका. वकिलांच्या जाहीर नोटिसा वाचा, विशेषतः पाथर्डी, मखमलाबाद, आडगाव पट्ट्यात फ्लॅट किंवा प्लॉट बघत असाल तर. गट नंबर, सर्व्हे नंबर, हरकतीची सात किंवा पंधरा दिवसांची मुदत, सगळं तिथे असतं. गंमत अशी की अशा नोटिसा पुष्कळदा कुणी न वाचणाऱ्या पेपरात येतात, कारण तिथला दर कमी आणि छापल्याचा पुरावा मात्र तेवढाच चालतो. शासनाच्या जाहिरात यादीवर राहण्यापुरतेच निघणारे पेपरही असतात. असा पेपर स्टॉलवर सापडत नाही, सरकारी कार्यालयातल्या टेबलावर सापडतो.

पैशाचं थोडक्यात सांगते. अंकाच्या किमतीत कागद आणि छपाईसुद्धा निघत नाही. बाकी सगळं जाहिरात भरते. 2019 मध्ये आयात कागदावर 10 टक्के सीमाशुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते 5 वर आलं. मग एप्रिल 2020 मध्ये घरोघर अंक टाकायलाच सरकारने मनाई केली. ती थोड्या दिवसांत सैल झाली, पण तोवर कित्येक घरांची सवय मोडली आणि सकाळची लाइन टाकणारी पोरं दुसऱ्या कामाला लागली. आता सहा वाजता ई-पेपरची पीडीएफ सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडते. ती टाकणारा आणि उघडणारा, दोघांनीही पेपरच्या दर्जावर माझ्याशी वाद घालू नये. वार्षिक वर्गणीवर बादली किंवा बॅग मिळते म्हणून कूपनं चिकटवत बसणाऱ्यांना तर मी सरळ विचारते, बादलीच हवी असेल तर मेनरोडला जा ना.

मी स्वतः दोन घेते. एक नाशिकच्याच मातीतला, "गावकरी" किंवा "देशदूत" यांपैकी, आणि एक बाहेरून आलेल्या मोठ्या साखळीचा. पहिल्याकडे माणसं कमी पण गल्ल्या ठाऊक. दुसऱ्याकडे पान देखणं, पण त्यातला जिल्हा साखळीच्या मुख्यालयाच्या सोयीने कापलेला. दोन्हीतलं जे धड आहे ते जोडून एक पेपर होतो.

चूक सापडली तर स्टेटस ठेवू नका, संपादकांना पत्र लिहा. अंकाची तारीख, पान, मथळा, छापलेलं वाक्य, खरी माहिती आणि तिचा कागद, एवढंच. दीडशे शब्दांच्या वर गेलात तर कुणी वाचणार नाही, हे डेस्कवरची म्हणून सांगते. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन लिहा. ईमेल कराच, पण एक प्रत कार्यालयात देऊन पोच घ्या आणि कात्रण मूळ पानासकट जपा. खुलासा छापला तर तो किती आकारात आणि कुठल्या पानावर आला ते बघा. दाद लागली नाही तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे जाता येतं. 1978 च्या कायद्याने त्यांना समज देता येते, ठपका ठेवता येतो; दंड करता येत नाही. तरी ठपका संपादकाला झोंबतो. आधी संपादकांना लिहिल्याचा पुरावा लागतो आणि दैनिकाच्या बाबतीत तक्रार दोन महिन्यांच्या आत करावी लागते. ही मुदत मजकूर छापला त्या तारखेपासून मोजतात, तुमच्या पत्राच्या तारखेपासून नाही. म्हणून उत्तराची वाट बघत महिना घालवू नका. पंधरा दिवस थांबा आणि दिल्लीचं पाकीट तयार करा.