एम.एस्सी. नर्सिंगमधून बाल आणि किशोर आरोग्याकडे: शाखा निवडण्यापासून शोधप्रबंधापर्यंत

भारतीय परिचर्या परिषदेच्या एम.एस्सी. नर्सिंगमध्ये पाच शाखा आहेत, पण बाल-किशोर सामुदायिक आरोग्य अशी स्वतंत्र शाखा त्यांत नाही. अंगणवाडी, शाळा, आश्रमशाळा आणि वस्तीवरच्या मुलांसाठी काम करायचे असेल, तर कम्युनिटी हेल्थ किंवा चाइल्ड हेल्थ यांपैकी एक शाखा घेऊन तिच्या आत आपला विषय स्वतः उभा करावा लागतो. नावामुळे अनेक जण चाइल्ड हेल्थकडे वळतात. त्या शाखेचे बरेचसे तास बालरोग वॉर्ड, एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग) आणि बालशस्त्रक्रिया विभागात जातात. आजारी मूल सांभाळण्यात हात तयार होतो खरा, पण जे आजारी दिसत नाही, फक्त उंचीने मागे पडले आहे, ते मूल वॉर्डात येत नाही. ते अंगणवाडीत बसलेले असते. म्हणून आमचा कौल कम्युनिटी हेल्थला. अपवाद एकच: पुढे नवजात शिशू विभागात किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काम करायचे असेल, तर चाइल्ड हेल्थ घ्या.

पात्रता थोडक्यात अशी: बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगमध्ये एकूण किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत), परिचारिका व प्रसविका म्हणून राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव. बी.एस्सी.वाल्यांचा अनुभव पदवीनंतरचाच लागतो, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख स्पष्ट नसेल, तर कागदपत्रे तपासताना अडचण येते. तो दाखला आधीच नीट लिहून घ्या.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा तासांचा हिशेब पाहा. मुख्य विषयाच्या प्रात्यक्षिकाला पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास आहेत. हे १,६०० तास नेमके कुठे जाणार, हे प्रवेशापूर्वी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. ग्रामीण केंद्र किती लांब आहे? गाडी रोज जाते की आठवड्यातून एकदा? तिथे मुक्काम करता येतो का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकाबरोबर आणि 'मैत्री' किशोर क्लिनिकमध्ये पोस्टिंग मिळते का? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आले, तर किशोरवयीनांवर काम करण्याची संधी तिथे फारशी मिळणार नाही असे समजा.

विषय: ज्ञान मोजू नका, मूल मोजा

'नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा अमुक विषयाच्या ज्ञानावर होणारा परिणाम' या साच्यातले प्रबंध ग्रंथालयात कपाटे भरून आहेत. पूर्वचाचणी घ्यायची, तक्ते दाखवून शिकवायचे, सातव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतातच, पी-मूल्यही छान येते. पण नववीतल्या मुलीने लोहाची गोळी गिळली की दप्तरात ठेवली, हे त्यातून कळत नाही.

त्याऐवजी असा प्रश्न घ्या, ज्याचे उत्तर मुलाच्या अंगावर किंवा वागण्यात मोजता येईल. साप्ताहिक लोहगोळीचेच उदाहरण घ्या. दहा ते एकोणीस वयोगटासाठी असलेल्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. बारा आठवड्यांत शिक्षकांच्या देखत गिळलेल्या गोळ्यांची संख्या, हे तुमचे मुख्य मोजमाप. 'गोळी वाटली' आणि 'गोळी गिळली' यांचे रकाने वेगळे ठेवा. नोंदवहीत ते बहुधा एकच असतात. गोळी उपाशीपोटी दिली की मळमळते, काळी शौच झाली की घरचे घाबरतात, आणि दुसऱ्या आठवड्यापासून वर्गातल्या निम्म्या मुली नको म्हणतात. म्हणून गोळी दुपारच्या जेवणानंतर द्यायची आणि काळ्या शौचाची कल्पना पालकांना पहिल्याच सभेत द्यायची.

वस्तीवर काटेकोर मोजणी केली तर काय घडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन प्रत्येक जन्म आणि मृत्यू मोजला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आज देशभरातल्या आशा ताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात, त्यामागे ते काम आहे.

नमुना किती घ्यायचा हे गाईडला विचारण्याआधी स्वतः काढून पाहा. समजा, रक्तक्षयाचे प्रमाण मोजायचे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५७ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. पाच टक्के चूक गृहीत धरली तर ३७७ मुली लागतात. शाळा निवडून त्यांतल्या मुली घेणार असाल तर त्याला दीडने गुणा (एकाच शाळेतल्या मुली बऱ्याच बाबतींत सारख्या असतात म्हणून), १० टक्के गळती धरा, आणि आकडा ६२८ वर जातो. एकट्या विद्यार्थिनीला तो झेपत नाही. चूक ७ टक्क्यांपर्यंत मान्य केली तर हाच हिशेब ३२२ वर येतो. हा निर्णय सिनॉप्सिसमध्येच (प्रबंधाच्या सुरुवातीच्या आराखड्यात) कारणासह लिहा. नंतर 'वेळेअभावी नमुना कमी केला' असे लिहावे लागले, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

परवानग्या आणि संमती

शाळेसाठी शिक्षणाधिकारी, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी, आरोग्य केंद्रासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. एकाचे पत्र दुसऱ्याकडे चालत नाही. एथिक्स कमिटीकडे अर्ज गेला की त्याच आठवड्यात ही पत्रेही द्या. एकामागून एक करत बसलात तर महिने जातात. अभ्यासात कोणताही हस्तक्षेप असेल, अगदी शिक्षण कार्यक्रमही, तर पहिल्या मुलाला सहभागी करून घेण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीवर अभ्यासाचे नाव नोंदवा. मागाहून केलेली नोंदणी बरीच नियतकालिके मानत नाहीत.

संमतीत सर्वाधिक चुका होतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागतेच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाची पालकांसमोर घेतलेली तोंडी मान्यता नोंदवावी लागते, आणि बारा ते अठरा वयात मुलाची लेखी मान्यता लागते. आश्रमशाळेत मुख्याध्यापकांनी एका कागदावर सगळ्यांसाठी सही दिली, तर ती पालकांची संमती ठरत नाही. पालक हाती लागतात ते जूनमध्ये मुलांना सोडायला येतात तेव्हा, किंवा दिवाळीच्या सुटीला न्यायला येतात तेव्हा. फॉर्म त्या दिवसांसाठी तयार ठेवा.

वेळापत्रकही शाळेच्या आणि शेताच्या हिशेबाने आखा. मार्च-एप्रिल परीक्षांचे, मे सुटीचा. बीड आणि अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांत दिवाळीच्या सुमारास घरे बंद होतात आणि मुले कारखान्याकडे जातात. तिथे जुलैत पहिली आणि जानेवारीत दुसरी मोजणी ठेवलीत, तर मागे राहिलेल्या मुलांचाच अभ्यास होईल. दोन्ही मोजण्या दिवाळीआधी संपवा.

मोजमाप

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून, इन्फँटोमीटरवरच (बाळाची लांबी मोजायच्या फळीवरच) घ्यायची. हे दोन माणसांचे काम आहे. एक जण डोक्याकडे बसून दोन्ही तळव्यांत कान झाकत डोके धरतो, टाळू फळीला टेकवतो, बाळाची नजर सरळ वर ठेवतो. दुसरा एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून दुसऱ्या हाताने पायाची फळी तळव्यांना टेकवतो आणि ०.१ सेंटिमीटरपर्यंत वाचतो. जावळाचा बुचडा, टोपी, पायातले वाळे काढून ठेवा. एकच पाय सरळ धरून वाचले की आकडा चुकतो, कारण कंबर तिरकी होते. दोन वर्षांखालचे मूल झोपून राहीना म्हणून उभे मोजलेच, तर आलेल्या आकड्यात ०.७ सेंटिमीटर मिळवा आणि तशी नोंद करा.

काम सुरू करण्यापूर्वी तुम्ही आणि सहकारी दहा मुले वेगवेगळी मोजा. वजनात १०० ग्रॅमपेक्षा, लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा किंवा दंडघेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल, तर पद्धत सुधारून पुन्हा सराव करा.

दंडघेर ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा, डाव्या दंडाच्या मध्यावर घ्यायचा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), ११.५ ते १२.५ च्या आत मॅम (मध्यम कुपोषण). दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून सूजही पाहा. सूज असलेल्या मुलाचे वजन फसवे असते, ते मूल दंडघेर कितीही आला तरी सॅमच.

वय चुकले तर हे सगळे वाया जाते. दहा महिन्यांचे मूल 'वर्षाचे' लिहिले की ते उगाच खुजे ठरते. माता-बाल संरक्षण कार्डावरची तारीख घ्या. कार्ड नसेल तर आईला पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी अशा सणांच्या आधी की नंतर असे विचारत महिन्यापर्यंत या. तुमच्या तक्त्यात १२, २४, ३६ महिन्यांचीच गर्दी दिसली, तर वये अंदाजे लिहिली गेली आहेत.

किशोरवयीनांशी बोलताना

मुलाखत वर्गाच्या कोपऱ्यात होत नाही. दार दिसेल पण आवाज बाहेर जाणार नाही, अशी जागा शोधा आणि शिक्षकांना बाहेर थांबायला सांगा. सुरुवात घर, शाळा, खाणेपिणे, मित्र यांपासून करा. व्यसन, लैंगिकता आणि मरणाचे विचार यांकडे शेवटी या.

मान्यतापत्रात एक वाक्य हवेच: 'तू सांगितलेले मी कोणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर ते मला योग्य व्यक्तीला कळवावे लागेल.' पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संशोधक आहोत म्हणून सूट मिळत नाही. हे वाक्य आधी वाचून न दाखवता मुलीला बोलते केले आणि नंतर तक्रार द्यावी लागली, तर तिचा विश्वास तुम्ही मोडलेला असतो.

प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न असेल, तर उत्तरे त्याच दिवशी, शाळा सोडण्यापूर्वी वाचा. गठ्ठा घरी नेऊन रविवारी भरायचा नाही. 'हो' म्हणणाऱ्या मुलाला त्या दिवशी कोण भेटणार, पालकांना कोण आणि कसे सांगणार, कोणत्या रुग्णालयात पाठवणार, हे एथिक्स कमिटीच्या अर्जातच नावानिशी लिहा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक मुलाच्या हाती चिठ्ठीवर द्या, म्हणजे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही यावरून वर्गात चर्चा होणार नाही.

अंगणवाडीतही हेच धोरण ठेवा. सॅम आढळलेल्या मुलांची यादी त्याच दुपारी सेविका आणि एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) दोघींना द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांनी जाऊन त्यातले मूल ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचले का, ते पाहा. न पोहोचल्याचे कारणही लिहून ठेवा: धाकट्याला कोण सांभाळणार, मजुरी बुडते, गाडी येत नाही. प्रबंधातल्या चर्चेच्या प्रकरणाला ही कारणे लागतात.