लायब्ररीतून पेपरचा फुल टेक्स्ट मिळत नाहीये? या चुका टाळा

एखाद्या रिसर्च पेपरवर क्लिक केलं, समोर पैसे मागणारं पान आलं, की बरेच जण तिथेच ठरवून टाकतात की आपल्या लायब्ररीत हे जर्नल (ज्या नियतकालिकात तो पेपर आलाय ते) नाहीच. पण पुष्कळदा ते असतं, फक्त तुम्ही कोण हे त्या साइटला कळलेलं नसतं. कॅम्पसच्या नेटवर असलात की प्रकाशकाची साइट आयपी ॲड्रेस (तुमच्या नेट कनेक्शनचा नंबर) बघते, तो युनिव्हर्सिटीचा निघाला की गपचूप पीडीएफ देते, लॉगिनबिगिन काही विचारत नाही, त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की हे पेपर फुकटच आहेत, आणि मग घरून किंवा मोबाइल डेटावर तोच पेपर उघडला की अडकतो. कार्ड काढून पैसे भरायच्या आधी लायब्ररीच्या वेबसाइटवरून आत शिरून बघा. तुम्ही युनिव्हर्सिटीचेच आहात हे बाहेरूनही साइटला कळवायला कुठे ईझेडप्रॉक्सी असतं, कुठे व्हीपीएन, कुठे ओपनॲथेन्स, तुमच्याकडे काय आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि हो, प्रकाशकाच्या साइटवर स्वतःचं अकाउंट काढलं म्हणजे ॲक्सेस मिळत नाही, ते अकाउंट ॲलर्ट वगैरेसाठी, तिथे 'इन्स्टिट्यूशन'वालं लॉगिन वेगळं शोधावं लागतं.

लॉगिन करूनही पान गोल गोल फिरत राहिलं तर कुकीज ब्लॉक आहेत का ते बघा, ॲड ब्लॉकर थोडा वेळ बंद करून बघा.

गूगल स्कॉलरवर सगळं शोधणारे तर खूप, त्यात चूक काहीच नाही, पण सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स' म्हणून एक भाग आहे तिथे आपली युनिव्हर्सिटी कोणीच टाकत नाही! ती टाकली की लायब्ररीकडे असलेल्या पेपरच्या बाजूला तशी लिंक दिसायला लागते. शिवाय रिझल्टच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' असतं ते उघडून बघायचं, कधीकधी लेखकाने स्वतः टाकलेली कॉपी तिथे पडलेली असते.

दुसरा घोळ म्हणजे स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा पबमेडवर फक्त ॲबस्ट्रॅक्ट (सारांश) दिसलं म्हणून हताश होणं. अहो, ती पेपर शोधायची ठिकाणं आहेत, पेपर ठेवायची नाहीत. पबमेड आणि पबमेड सेंट्रल हे पण दोन वेगळे, फुल टेक्स्ट असतो तो सेंट्रलवर. अशा वेळी लायब्ररीचं 'फुल टेक्स्ट शोधा' छाप बटण दाबायचं. आता ते बटण कधीकधी चुकीच्या पानावर नेऊन सोडतं हे खरं आहे, कारण मागच्या डेटाबेसमध्ये अंक किंवा पान नंबर चुकीचा भरलेला असतो, पण म्हणून सोडून देऊ नका. लायब्ररीच्या जर्नल यादीत जर्नलचं नाव टाका (पेपरचं नाही, ही चूक फार जण करतात) आणि वर्ष, खंड, अंक असं हाताने उघडत जा.

ते करताना तिथे लिहिलेली वर्षं नक्की वाचा, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. जर्नल आहे म्हणजे त्याचे सगळे अंक आहेत असं नसतं. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर बऱ्याच जर्नल्सचे शेवटचे 3 ते 5 वर्षांचे अंक नसतात, काही डेटाबेसमध्ये नवीन अंक वर्षभर उशिरा येतात, त्यामुळे जुने अंक एकीकडे आणि नवे प्रकाशकाच्या साइटवर असं असू शकतं. एकाच जर्नलसमोर तीन लिंक दिसल्या तर आपल्या वर्षाची कुठली ते बघून मगच क्लिक करा. जर्नलचं नाव मधेच बदललेलंही असतं, तेव्हा जुन्या नावानेही शोधा.

पेपर ओळखायला टायटलपेक्षा डीओआय (त्या पेपरचा स्वतःचा कायमचा नंबर) बरा, 10 ने सुरू होणारा तो नंबर कॉपी करून लायब्ररीच्या सर्चमध्ये टाकला की त्याच त्या नावाचे पंधरा पेपर समोर येत नाहीत. आणि सापडलेल्या पेपरची लिंक ॲड्रेस बारमधून उचलून ठेवू नका, सेशन संपला की ती मरते, परमालिंक (न बदलणारी लिंक) किंवा डीओआय ठेवा.

पान नंबर एकच दिसतोय, समजा 412 ते 412, तर ते कॉन्फरन्सचं नुसतं ॲबस्ट्रॅक्ट असू शकतं. त्याचा फुल टेक्स्ट कुणी लिहिलेलाच नसतो, मग दिवसभर शोधत बसा!

पेपर लायब्ररीत खरंच नसेल तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल एक्सटेन्शन टाकून बघा, कायदेशीर मोफत कॉपी कुठे असेल तर ते दाखवतं. फक्त ती प्रीप्रिंट (छापण्याआधीचा मसुदा) आहे की छापलेली आवृत्ती ते तपासा, पान नंबर आणि कधीकधी आकडेही वेगळे असतात. तरीही नाही मिळाला तर इंटरलायब्ररी लोनचा फॉर्म भरा, दुसऱ्या लायब्ररीतून त्या लेखाचा स्कॅन मागवून देतात, लोक उगाच लाजतात. लायब्रेरियनला मेल करताना नुसतं 'उघडत नाही' लिहू नका, डीओआय, कुठून क्लिक केलं, कॅम्पसवर होता की बाहेर, आणि आलेल्या एररचा स्क्रीनशॉट एवढं एकाच मेलमध्ये पाठवा.