फासे, कोऱ्या वह्या आणि ब्लॉकचेन

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली, मागची नोंद गुपचूप बदलता न येणारी सामाईक वही. ती शिकवायच्या माझ्या पहिल्या कार्यशाळेला ६० माणसं आली होती. मी ४३ स्लाइड्स केल्या होत्या, सलग दोन तास बोलले, शेवटी टाळ्याही पडल्या. पुढच्या महिन्यात त्यातली दोनच माणसं परत आली, आणि त्यातला एक त्याचा प्रोजेक्टर घेऊन जायला आला होता.

तेव्हापासून मी १८-२० जणांच्या वर नावं घेत नाही. जागा कुठलीही चालते, वाचनालयाची खोली किंवा कॉलेजचा रिकामा वर्ग; फक्त समोरासमोर बसायला टेबलं हवीत. दिवस पक्का ठेवा. आमचा महिन्याचा तिसरा रविवार ठरलेला आहे, चार माणसं येणार असली तरी तो रद्द होत नाही. हजेरीत मी एकच आकडा बघते: मागच्या वेळी पहिल्यांदा आलेल्यांपैकी आज किती जण आले.

बोलावणं पाठवताना एक ओळ ठळक लिहा: बिटकॉइनसारखं कुठलं डिजिटल कॉइन घ्यावं, भाव कुठे जाईल, यावर इथे बोलणं होणार नाही. या ओळीने निम्मी गर्दी गळते आणि ती गळावी अशीच असते. मी हा नियम एकदा मोडला. हॉलचं भाडं देतो म्हणून स्वतःचं कॉइन विकणाऱ्या एका टोकनवाल्याला दहा मिनिटं बोलू दिलं. दहाची चाळीस झाली. आमच्यातल्या एकाने त्यात पैसे घातले, ते बुडाले, आणि तो माणूस आता समोरून आला तरी मान वळवतो. त्याचं चुकत नाही. ओळख मीच करून दिली होती. भाडं परवडत नसेल तर फुकटची जागा शोधा, नाहीतर वर्गणी काढा.

आता पहिली भेट. लॅपटॉप बंद, मोबाइल पिशवीत. १८ जणांच्या नऊ जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीला एक कोरी वही आणि दोन फासे. मी मोठ्याने व्यवहार सांगते: ‘पहिल्या जोडीने चौथीला ५ दिले.’ नऊच्या नऊ वह्यांत तो लिहिला जातो. चार नोंदी झाल्या की पान भरलं. मग सगळे फासे टाकतात. ज्यांना आधी सहा-सहा पडेल त्यांनी पान बंद करायचं, म्हणजे पानावरच्या रकमांची बेरीज करून तिचे शेवटचे दोन आकडे पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायचे. याला आम्ही मोहर म्हणतो. पुढच्या पानाच्या बेरजेत ही मोहरही धरायची, म्हणजे पानं एकमेकांत अडकतात. बाकीच्यांनी बेरीज तपासायची आणि पटली तर उतरवून घ्यायची.

सहा-सहा पडण्याची शक्यता ३६ मध्ये एक. नऊ जोड्या असल्या की सरासरी चार-पाच फेऱ्यांत कुणाला तरी पडतं. एकदा उशिरा आलेल्यांमुळे जोड्यांची संख्या दुप्पट झाली आणि पानं अडीचेक फेऱ्यांत बंद व्हायला लागली. लिहिणाऱ्यांचे हात पुरेनात. एक मुलगी वैतागून म्हणाली, ‘अट अवघड करा ना!’ बिटकॉइन नेमकं तेच करतं, हे तेव्हा सांगायचं: तिथे पानाला ब्लॉक म्हणतात, आणि फाशांऐवजी यंत्रं कोडं सोडवतात. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, हे कोडं किती अवघड ठेवायचं ते नव्याने ठरतं, म्हणजे जगात कितीही यंत्रं लागली तरी ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनीच निघतो. स्लाइडवर हे वाक्य मी ६० जणांना वाचून दाखवलं होतं. एकाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती.

पाच पानं झाली की एका जोडीला गुपचूप सांगा, दुसऱ्या पानावरचे ५ खोडून ५० करा. मोहर बदलते, तिसऱ्या पानाशी जुळत नाही. पटवायचं तर त्यांना पुढचं प्रत्येक पान नव्याने फासे टाकून बंद करावं लागतं, आणि तोवर बाकीच्या आठ जोड्या सहाव्या पानावर गेलेल्या असतात. खोलीत जो गलका होतो तो होऊ द्या. मध्ये पडून समजावायला जाऊ नका, मला ही सवय मोडायला फार वेळ लागला.

या खेळात एक भोक आहे, आणि ते मी मुद्दाम बुजवत नाही. आमच्याकडे एक निवृत्त बँक कर्मचारी येतात, सगळे त्यांना काका म्हणतात. तिसाव्या मिनिटाला ते शांतपणे म्हणाले, ‘मी एका ओळीत ५ चे ३ केले आणि दुसरीत ७ चे ९. बेरीज तीच. आता धरा मला.’ उभी हयात खतावण्या जुळवण्यात गेलेला माणूस! कुणालाच धरता येईना.

ही वेळ आली की लॅपटॉप उघडायचा. एसएचए-२५६ हे कुठल्याही मजकुरातून ठरावीक लांबीची माळ काढणारं सूत्र; ती काढून देणारं कुठलंही साधं साधन घ्या. इंग्रजी लहान अक्षरांत हॅलो लिहिलं की ६४ चिन्हांची माळ येते, तिची सुरुवात २सीएफ२४. फक्त पहिलं अक्षर मोठं करा: १८५एफ८. पुढची माळही पार वेगळी. काकांनी चष्मा वर करून दोन्ही माळा कागदावर उतरवून घेतल्या आणि कुठे काही साम्य सापडतं का ते बघत बसले. अशा माळेला हॅश म्हणतात, पण त्या शब्दाची व्याख्या त्या दिवशी मी केलीच नाही. ती गरज त्यांच्याच लबाडीतून निघाली होती.

दुसऱ्या भेटीत वॉलेट, म्हणजे कॉइन ठेवायचं आणि पाठवायचं अ‍ॅप. इथे फक्त टेस्टनेट, म्हणजे सरावासाठीची साखळी वापरा. इथेरियम ही बिटकॉइनसारखीच दुसरी साखळी, इथर हे तिचं कॉइन. तिचं सेपोलिया हे टेस्टनेट बरं, त्यातल्या इथरला किंमत नसते. पण ते फुकट इथर जिथून मिळतं त्या फॉसेटवर भर कार्यशाळेत विसंबू नका. फॉसेट म्हणजे नळ, आणि हा नळ ऐन वेळी कोरडा पडतो. एकाच वायफायवरून २० जण मागायला लागले की बरेच फॉसेट एकच माणूस समजून दार लावून घेतात. काहींना आधी खऱ्या इथरची शिल्लक दाखवावी लागते. आमची अख्खी दुपार एकदा यात गेली. आता मी दोन-तीन आठवडे आधीपासून थोडं थोडं माझ्या वॉलेटात साठवते आणि तिथे प्रत्येकाला पाठवते. मग त्यांनी शेजाऱ्याला पाठवायचं, आणि एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीतले व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, आपला व्यवहार स्वतः शोधायचा.

बारा शब्दांची सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची किल्ली, कागदावरच लिहायला लावा. मी एकदा प्रोजेक्टरवर नवं वॉलेट उघडलं, शब्द भिंतीवर झळकले आणि मागून कुणीतरी फोटो काढला. वॉलेट टेस्टचंच होतं, नुकसान काही नाही, पण मला घाम फुटला. हल्ली त्याच प्रसंगाचा धडा करते: टेस्टचे बारा शब्द भिंतीवर लावायचे आणि सांगायचं, ‘घ्या, रिकामं करा हे वॉलेट.’ दोन मिनिटं लागतात. मग त्यातले दोन शब्द अदलाबदल करून टाकायला लावते. बहुतेक वेळा वॉलेट नाकारतं, कारण शेवटच्या शब्दात तपासणीचे चार बिट दडलेले असतात. पण साधारण सोळात एकदा ते स्वीकारतं आणि भलतंच, रिकामं खातं उघडून देतं. माणसं तिथे जास्त घाबरतात.

ग्रुप सुरू करायचा तो या दुसऱ्या भेटीनंतर, आधी नाही. पहिल्याच मेसेजात लिहा की चालवणाऱ्यांपैकी कुणीही खासगीत आपणहून मेसेज करून शब्द किंवा पैसे मागणार नाही. आमच्या ग्रुपात ‘सपोर्ट टीम’ नावाचा भामटा नवव्या दिवशी उगवला होता.

तिसऱ्या भेटीला मी एकच गोष्ट सांगते आणि गप्प बसते. जून २०१६ मध्ये द डीएओ नावाच्या सामाईक निधीच्या प्रोग्रॅममधल्या चुकीतून कुणीतरी ३६ लाख इथर बाहेर काढले. महिनाभर वाद झाला, आणि जुलैत ब्लॉक क्रमांक १९,२०,००० पासून साखळीचे नियम बदलून ते परत मिळवले गेले. ज्यांना ही ढवळाढवळ पटली नाही ते जुनीच साखळी चालवत राहिले. ती इथेरियम क्लासिक. तुम्ही असता तर कुठल्या बाजूला? काका म्हणाले, चुकीची नोंद खोडायची नसते, उलट नोंद टाकायची असते. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, पण उलट नोंदीला ज्याच्याकडे इथर आहेत त्याची सही लागेल, आणि तो चोर आहे. दीड तास कुणी उठलं नाही.

याच भेटीत पुढच्या पहिल्या भेटीचा मास्तर ठरवायचा, आणि तो तुम्ही नसावा. जो सगळ्यात जास्त भांडला त्याला फासे द्या. उत्तम बोलणाऱ्यापेक्षा तो बरा शिकवतो, असा माझा अनुभव. मागच्या रविवारी काकांनी खेळ घेतला. मोहरेचा नियम त्यांनी बदलून आणला होता: प्रत्येक रक्कम ओळीच्या क्रमांकाने गुणायची, मग बेरीज, मग शेवटचे दोन आकडे. ३ आणि ९ ची जुनी लबाडी आता पकडली जात होती आणि काका खुशीत होते. मी मागच्या टेबलावर वही घेऊन बसले होते. शेजारची नवी मुलगी बराच वेळ पेन्सिल चावत होती. मग तिने हात वर केला.

‘काका, मी ५ चे १०५ केले तर?’

काकांनी खडू खाली ठेवला आणि बोटांवर गुणाकार करायला लागले.