शाळेच्या मैदानावर ऑलिम्पिकचं उद्घाटन मुलांकडूनच कसं रचून घ्यावं

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असणार, यावर शिक्कामोर्तब झालं ते मुंबईतच, ऑक्टोबर २०२३ मध्ये. तेव्हा यंदाच्या क्रीडा महोत्सवाचं उद्घाटन मुलांना ऑलिम्पिकसारखं रचू द्या. बाईंनी बसवलेला नाच पोरांनी करून दाखवायचा, असं मात्र नको.

आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा: पाहुण्यांना आपली मुंबई काय दाखवाल? लोकल, डबेवाले, कोळीनृत्य येणारच, येऊ द्या. मग विचारा, तुमच्या गल्लीतलं काय? तिथून दहीहंडीचा सराव निघेल, पहाटेची पाण्याची रांगही निघेल. एकही उत्तर पुसू नका.

मग संचलन. माझ्या मते खरी मजा इथेच आहे, म्हणून याला भरपूर वेळ द्या. ऑलिम्पिकमध्ये ग्रीस सर्वांत पुढे, यजमान सर्वांत शेवटी आणि मधले बहुतेक देश यजमानांच्या भाषेच्या क्रमाने चालतात. बीजिंगला २००८ मध्ये हा क्रम चिनी अक्षरांतल्या रेघा मोजून लावला होता. आपला क्रम मराठी मुळाक्षरांचा! देशांच्या पाट्या मुलांना जमिनीवर मांडू द्या. अमेरिका 'अ'मध्ये की संयुक्त संस्थानं म्हणून 'स'मध्ये? ऑस्ट्रेलिया 'आ'च्या मागे की 'ओ'च्या? भांडू द्या, निकाल त्यांनाच लावू द्या. ग्रीसच्या मागोमाग निर्वासितांचा संघ ठेवायला विसरू नका. टोकियो ऑलिम्पिकपासून त्यांचं स्थान तेच आहे.

मैदानावर फक्की मारून जागा आखा. लेझीम असेल तर दोन मुलांत हात पसरून फिरता येईल एवढं अंतर हवंच. मैदान नसेल तर गच्चीवर जागच्या जागी पावलं टाकली तरी चालतं.

ज्योतीला खरा जाळ नको. नारिंगी जिलेटिन पेपरमागे बॅटरी पुरते. कबुतरंही नकोत. १९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकच्या उद्घाटनात सोडलेली कबुतरं ज्योतीच्या कुंडावर बसली आणि ज्योत पेटताच होरपळली होती. कागदाचे पक्षी करा. ज्योत कोण लावणार, ते वर्गात मतदान घेऊन ठरवा, नाहीतर दर वेळी पहिला नंबरवालाच पुढे येतो.

रंगीत तालीम दुसरीच्या वर्गासमोर करा. जिथे ती पोरं चुळबुळ करतील तिथे कात्री लावायची. पण काय कापायचं, ते रचणाऱ्या मुलांनीच ठरवायचं.