घरचं बियाणं: निवड राशीत नाही, उभ्या पिकात करा

कोरडवाहू शेतात घरचं बियाणं बहुतेकदा पेरणीच्या तोंडावर धान्याच्या राशीतून निघतं. टपोरे दाणे चाळायचे आणि पेरायचे. पण चाळणीला फक्त दाण्याचा आकार कळतो. ज्या झाडाचा तो दाणा, ते पावसाच्या खंडात तगलं की बांधालगतच्या ओलीवर पोसलं, हे तिला कळत नाही. म्हणून बियाण्याची झाडं काढणीआधीच ठरवायची.

आधी पीक कसं फळतं ते बघा. हरभरा, भुईमूग, सोयाबीन, मूग, उडीद ही स्वपरागी, म्हणजे आपल्याच फुलातल्या परागावर फळणारी पिकं आहेत. दोन वाणांत ३ ते १० मीटर अंतर पुरतं, आणि तेही मुख्यतः काढणी-मळणीत मिसळ होऊ नये म्हणून. तुरीवर मधमाश्या येतात, ज्वारीतही थोडा परका पराग शिरतो. या दोन्हींना सुमारे २०० मीटर हवेत. बाजरी मुख्यतः परपरागी, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर फळणारी, तिला ४०० मीटर. लहान तुकड्यांच्या शेतीत एवढं अंतर कागदावरच राहतं. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलून एकच वाण पेरा, किंवा कडेच्या ओळी धान्याला सोडून बी फक्त मधल्या भागातून घ्या. संकरित वाणाचं बी मात्र ठेवूच नका. दुसऱ्या पिढीत उंची, फुलोरा, कणसाची ठेवण सगळंच झाडागणिक वेगळं निघतं.

आता निवड. सगळ्यात मोठं कणीस शोधत शेतभर फिरलात तर झाडाची नव्हे, जमिनीची निवड होते. बांध, पाण्याची वाट, जुनी खताची जागा आणि झाडाची सावली सोडा. उरलेल्या भागात दोरीने ५ × ५ मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनातली ५ झाडं निवडा. तुलना त्याच चौकोनातल्या झाडांशी करायची. हलक्या जमिनीतल्या चौकोनातली झाडं खुजी दिसतील, तरी तिथलीही ५ घ्यायचीच. असे ४० चौकोन केले की २०० झाडं मिळतात. बाजरीत यापेक्षा खाली येऊ नका. थोड्या कणसांचं बी पुढच्या पिढ्यांत खुरटतं. हेक्टरी ३ ते ४ किलो बियाण्याच्या हिशेबाने एवढी कणसं साधारण एका हेक्टरला पुरतात.

झाड निवडताना त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी आहेत ना, हे बघा. शेजारी तुटाळ, म्हणजे झाड न उगवलेली मोकळी जागा, असेल तर त्या झाडाला दुप्पट ओल मिळालेली असते, त्याचा टपोरेपणा फसवा. फुलोऱ्याच्या वेळी, ओल संपण्याआधी दाणा भरेल अशा झाडांना रंगीत दोरा बांधा. दरवर्षी फक्त सर्वात आधी फुललेलीच घेत गेलात तर वाण लवकर येतो, पण उत्पन्न घटत जातं. भारी जमिनीत तर मध्यम कालावधीचंच झाड फायद्याचं. रोगट आणि वेगळी दिसणारी झाडं पराग उडण्याआधी उपटा. नंतर उपटून उपयोग नाही, तोवर त्यांचा पराग कामाला लागलेला असतो. दुष्काळी वर्षी निवड टाळू नका, खरी परीक्षा त्याच वर्षी होते.

ज्वारीचा दाणा कणसातून सोलून बघा. बुडाशी काळा ठिपका आला की दाणा पक्व झाला. निवडलेली कणसं वेगळी कापा आणि झोडपूनच मळा. यंत्रात आधीच्या पिकाचे दाणे अडकलेले असतात. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. यंत्र वापरायचंच तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवा आणि पोती उंचावरून टाकू नका. भुईमूग पेरणीपर्यंत शेंगेतच ठेवा.

वाळवण्यात कंजुषी नको. ज्वारी-बाजरीत १२ टक्के, कडधान्यांत ९ टक्क्यांपर्यंत ओलावा आणा. ओलावा एका टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. कोरड्या बरणीत थोडं सुकं मीठ आणि दाणे घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर बी फार ओलं आहे. न चिकटणं म्हणजे वाळवण पूर्ण झालं असं मात्र नाही, ही चाचणी फक्त ढोबळ ओल सांगते. कडधान्याच्या भुंग्याची अंडी शेतातच शेंगांवर येतात, त्यामुळे स्वच्छ कोठीतही तो निघतो. हवाबंद पिशवीत तो गुदमरतो, पण तीच पिशवी ओलं बी मारून टाकते.

पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीत मांडून गुंडाळा, ओल टिकवा. सोयाबीन, हरभरा ८ दिवसांनी, ज्वारी १० दिवसांनी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच धरा. ज्वारीत ७५ ऐवजी ६० उगवले तर १० किलोच्या जागी साडेबारा किलो लागेल. ५० च्या खाली आलं तर बियाणं बदला. अशा बियाण्याचा जोमही गेलेला असतो, ओल कमी पडली की उगवलेलंही वर येत नाही.

बीजप्रक्रिया: ज्वारीला काणी या बुरशीच्या रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक. बाजरीत अरगट हा कणसावरचा बुरशीचा रोग असेल तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बी टाका, तरंगलेलं काढा, बुडालेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. बुरशीनाशक आधी, जिवाणू खत सगळ्यात शेवटी.

नवा वाण आणलात तर आपल्या वाणाशेजारी एकाच दिवशी, एकाच जमिनीत पट्टा पेरा आणि दाण्यासोबत कडबाही तोला. दोन हंगाम पार पडेपर्यंत जुनं बी मोडीत काढू नका. आणि दुबार पेरणीसाठी काही बी बाजूला असू द्या, शक्यतो कमी दिवसांत येणाऱ्या वाणाचं.