नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून

प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराच्या लेखी परकेच असते, कारण त्याच्या पेशींवरील एचएलए प्रथिने दात्याची असतात आणि आपल्या प्रतिकारशक्तीतील टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ती ओळखून त्याच्यावर हल्ला करतात. १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवला नाही. इतरांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावीच लागतात. बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधे दिली जातात. त्यांपैकी टॅक्रोलिमसला सर्वांत जपावे, कारण त्याचे रक्तातील प्रमाण घटले तर रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने अवयव नाकारण्याचा, धोका वाढतो आणि वाढले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते.

ही गोळी दिवसातून दोनदा असेल, तर दोन मात्रांमध्ये १२ तासांचे अंतर ठेवावे. कर्जत किंवा विरारहून कामाला येणाऱ्यांनी संध्याकाळची मात्रा घरी पोहोचल्यावर घेऊ असे ठरवू नये, कारण पावसाळ्यात लोकल कुठे अडकेल हे सांगता येत नाही. पुढच्या दोन-तीन मात्रा नेहमी बॅगेत असाव्यात. टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी, अन्यथा आकडा फसवा येतो आणि त्यावरून ठरवलेली मात्राही चुकते. नेहमीचा ब्रँड नाही म्हणून केमिस्टने दुसरा दिला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

इतर औषधांबाबत तर फारच सावध राहावे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरील फ्लुकोनॅझोल ही लेव्हल वाढवतात, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ती झपाट्याने खाली आणते. क्षयरोग सर्रास आढळणाऱ्या मुंबईत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, म्हणून असे उपचार सुरू होण्याआधी छातीच्या डॉक्टरांचे आणि नेफ्रॉलॉजिस्टचे (मूत्रपिंडतज्ज्ञांचे) एकमेकांशी बोलणे घडवून आणावे. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. गणपतीच्या दिवसांत कोकणातून येणारे पपनस टाळावे, कारण तेही टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवू शकते. नातेवाईक प्रेमाने गुळवेलीचा काढा देतात, तोही नम्रपणे नाकारावा. जी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवायची आहे, ती चेतवणारे काहीही येथे धोक्याचे आहे.

दाबलेल्या प्रतिकारशक्तीची दुसरी बाजू म्हणजे संसर्ग. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीबाबत लगेच डॉक्टरांना विचारावे. खिडकीतली कबुतरांची घाण स्वतः साफ करू नये. उघड्यावरची पाणीपुरी, कच्च्या दुधाचे पंचामृत आणि जिवंत विषाणू असलेल्या लसी टाळाव्यात. जुलाब लागले तर वाट पाहू नये, कारण त्यातही टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते.

बरे वाटू लागल्यावर शरीराने अवयव आपलासा केला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. अशी सहिष्णुता शक्य आहे, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आणि त्या संशोधनासाठी बर्नेट व मेदावार यांना १९६० मध्ये नोबेल मिळाले. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळाले. दात्याच्याच रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळपेशी देऊन काही रुग्णांची औषधे पुढे थांबवताही आली आहेत. परंतु हे सारे निवडक रुग्णांमध्ये, काटेकोर देखरेखीखाली होते. रुग्णाला सहिष्णुता आली आहे, हे निर्विवादपणे सांगणारी तपासणी अजून नित्याच्या वापरात नाही, म्हणून स्वतःहून एक गोळी कमी करणेही जुगारच ठरतो.

रिजेक्शन पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता सुरू होते आणि फक्त रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढलेले दिसते. त्यामुळे ठरलेली तपासणी चुकवू नये आणि जुने रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेनुसार ठेवावेत. लघवी कमी होणे, पायांवर सूज, अचानक वाढलेले वजन, ताप किंवा नव्या मूत्रपिंडाच्या जागी दुखणे यांपैकी काहीही जाणवले, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. गरज वाटल्यास तेथे बायोप्सी केली जाते, आणि टी-पेशींमुळे झालेले तीव्र रिजेक्शन लवकर सापडले तर शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने ते बहुधा आटोक्यात येते.