पर्यावरणनाशाच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

भविष्यातल्या उद्ध्वस्त किंवा आदर्श समाजाची कादंबरी हाती घेतल्यावर लेखकाचे भाकीत खरे ठरले की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवावा. हॅरी हॅरिसन यांच्या ‘मेक रूम! मेक रूम!’मधील १९९९ सालचे न्यूयॉर्क साडेतीन कोटी वस्तीचे आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही, म्हणून १९६६ ची ही कादंबरी कालबाह्य ठरवली, तर तिच्यातील पाण्याच्या रेशनिंगचे बारकावे वाचायचेच राहून जातात. (तिच्यावर आधारित १९७३ च्या चित्रपटातील नरमांसाचे रहस्य मूळ पुस्तकात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.)

वाचताना जवळ वही ठेवावी आणि पाणी, अन्न व सांडपाणी यांचा उल्लेख जेथे येईल तेथे तो टिपून ठेवावा: पाणी कोठून येते, ते कोणाच्या ताब्यात आहे आणि ते मिळवण्यासाठी काय मोजावे लागते. ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरबल ऑफ द सोअर’ (१९९३) या पद्धतीने वाचण्यास सर्वांत योग्य. तिच्यातील दैनंदिनी २०२४ साली, लॉस एंजेलिसजवळच्या तटबंद वस्तीत सुरू होते. तेथे पाणी पेट्रोलपेक्षा कित्येक पट महाग असून पोलिसांना बोलावायचे तर त्यांनाही पैसे मोजावे लागतात. आणि अंगावरचा मळ हीच सुरक्षितता, कारण जो स्वच्छ दिसतो तो मिरवतो आहे असे इतरांना वाटते आणि तो त्यांचे लक्ष्य ठरतो. हवामान बिघडल्यावर माणसांमधील विश्वास कसा आटत जातो, हे कोणत्याही आकडेवारीपेक्षा या एका तपशिलातून अधिक स्पष्ट होते, असे मला वाटते.

त्यानंतर संकटाचे मूळ शोधावे. जॉन ब्रनर यांची ‘द शीप लुक अप’ (१९७२) महिन्यांच्या क्रमाने एका वर्षाची कथा सांगते. तिच्यात एकच मोठा प्रलय नाही. हवा, पाणी, अन्न एकेक करून नासत जाते. अशा कादंबरीत प्रत्येक घटनेपुढे निर्णय कोणाचा आणि लाभ कोणाचा, एवढे दोनच शब्द समासात लिहावेत.

आदर्श समाजाच्या कथांना तर अधिक कठोर प्रश्न विचारावेत. विल्यम मॉरिस यांच्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’मध्ये (१८९०) थेम्सकाठच्या साबण कारखान्यांची धुराडी गेली आहेत आणि नदीत सामन मासे पकडण्याची जाळी लागली आहेत, पण नदी निर्मळ कशामुळे झाली, याचे उत्तर लेखकाने उत्पादन केवळ गरजेपुरते ठेवण्याच्या व्यवस्थेत दिले आहे, आणि वाचकाने थांबायचे ते तेथे. अर्नेस्ट कॅलनबाख यांच्या ‘इकोटोपिया’त (१९७५) सांडपाण्याचे व उरलेल्या अन्नाचे खत शेतीकडे परत जाते, मात्र तेथील बहुसंख्य कृष्णवर्णीय वेगळ्या भागात राहतात. निसर्गाशी समेट झाला, तरी माणसांशी तो झाला का, हे येथे तपासावेच लागते.

अर्सुला ले ग्विन यांची ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) शेवटी घ्यावी. अनारेस या रुक्ष चंद्रावर मालमत्ता आणि सरकार दोन्ही नाहीत, तरीही दीर्घ दुष्काळात शिधा कोणाला किती द्यायचा, याच्या याद्या कोणालातरी कराव्या लागतात. त्या प्रकरणांशी पोहोचल्यावर आधीच्या पुस्तकांची टिपणे उघडून पाणी व अन्न वाटण्याचे नियम शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.